लाल कोळ्याची बखर

आकाशवाणीवरून बोलायचं निमंत्रण आलं, तेव्हा केंद्रावरच्या मंडळींची अपेक्षा होती की मी कवितेवर बोलावं. मी म्हटलं, लाल कोळ्यावर बोलतो. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग विचारणा झाली, ‘म्हणजे मच्छीमार समाजावर का?’ नाही. पानामागं राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका जिवावर. शेतीतला तज्ज्ञ मी नव्हे. बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा सिरसाळ्याचा माणूस. पण या जिवाचा आणि माझ्या घराचा एक जुना हिशेब आहे. तो नीट समजून घ्यायला मला तीस-पस्तीस वर्षं लागली.

परळीहून बीडकडे निघालात की वाटेत आमचं सिरसाळा लागतं. गावच्या शिवारात माझ्या पुतण्यानं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं आहे. त्यात डच गुलाब. परळीच्या वैद्यनाथाची महाशिवरात्रीची यात्रा, पाठोपाठ लग्नसराई, अधेमधे एखाद्या दर्ग्याचा उरूस, असं त्याचं सालाचं गणित. बँकेच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही माझी. कवीची सही बँकेनं कशी चालवून घेतली, हे मला अजून उमगलेलं नाही.

महाशिवरात्र दहा-बारा दिवसांवर आली असताना त्याचा सकाळी फोन आला. गेलो. आत शिरल्यावर आधी काही दिसलंच नाही. फुलं होती, कळ्या होत्या, पण पानांचा रंग उतरलेला. जवळ जाऊन पाहिलं तर पानावर बारीक पांढुरके ठिपके, जणू कुणी सुईनं टोचून टोचून हिरवेपणा काढून घेतला आहे. काही पानं तांबूस-करडी पडली होती. शेंड्याला, कळीच्या देठाशी, तिरप्या उन्हात चमकणारं तलम जाळं. ‘चाचा, ये पत्त्यां देखो तो,’ पुतण्या म्हणाला. ‘पानी बराबर है, खत बराबर है.’ त्यानं पान उलटं केलं. पानाखाली धूळ बसल्यासारखी दिसत होती. ती धूळ चालत होती.

माझ्या खिशात एका अर्धवट कवितेचा कागद होता. त्याची कोरी बाजू पानाखाली धरली आणि पान झटकलं. कागदावर मिरपुडीसारखे कण पडले आणि थोड्या वेळानं वेगवेगळ्या दिशांना निघाले. बोटानं घासलं तर तांबूस रेघ उमटली. लाल कोळी ओळखायची यापेक्षा सोपी रीत नाही. पांढरा कागद आणि शक्य असेल तर दहापट दाखवणारं भिंग. फुलकिडे लांबट असतात आणि चपळाईनं पळतात; हे गोलसर, सावकाश. आणि अन्नद्रव्याची कमतरता असेल तर ती कागदावर चालत नाही.

याला कीटक म्हणणं चूक. कीटकाला पाय सहा, याला आठ. विंचू, गोचीड यांच्या भाऊबंदकीतला हा प्राणी. अंड्यातून निघालेलं पिल्लू तेवढं सहा पायांचं असतं. कात टाकली की आठ होतात. मराठीनं त्याला ‘कोळी’ म्हटलं ते शास्त्राला धरूनच आहे. ‘लाल’ मात्र सरसकट खरं नाही. जगभर सर्वांत जास्त आढळणारा जो कोळी, तो बहुधा हिरवट-पिवळा असतो आणि त्याच्या अंगावर दोन काळपट डाग असतात. तरी आपण सगळ्यांना लालच म्हणतो. आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एक मादी शंभरेक अंडी घालते. तापमान तीस अंशांच्या आसपास असलं की अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नराची भेट झाली नाही तरी मादी अंडी घालतेच, फक्त त्यातून सगळे नर निपजतात. म्हणजे एकटी मादी कुणाच्या सदऱ्यावर बसून आत शिरली, तरी घराणं सुरू.

स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एका कोळ्याला ‘टेलारियस’, म्हणजे जाळं विणणारा, असं नाव दिलं. पुढे १८३६ मध्ये जर्मनीच्या कार्ल लुडविग कोखनं दोन ठिपक्यांच्या कोळ्याचं वर्णन करून त्याला जे नाव दिलं, तेच आज चालतं : टेट्रॅनिकस युर्टिकी. आपल्या बाजूला त्याचा भाऊ आधी चहा-कॉफीच्या मळ्यांत गाजला. १८६१ मध्ये सिलोनमध्ये नीटनर नावाच्या अभ्यासकानं कॉफीवरच्या शत्रूंची नोंद करताना तांबड्या कोळ्याचं वर्णन केलं. १८६८ मध्ये तोच आसामात चहावर सापडला. ज्वारीवरचा कोळी आणखी वेगळा. त्याला १९२३ मध्ये हर्स्ट यांनी ‘इंडिकस’, म्हणजे भारतातला, असं नाव दिलं. आमच्याकडे ज्वारीची पानं तांबडी पडली की ‘तांबेरा आला’ म्हणून लोक मोकळे होत. त्यातले काही तांबेरे चालणारे असावेत, असं आता वाटतं.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या सगळ्या जुन्या काळात कोळी ही दुय्यम कीड होती. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात वाढायची, गंधकाच्या धुरळणीनं किंवा पहिल्या पावसानं आवरायची. शेतकऱ्याची झोप उडवणारी नव्हती. मग ती पहिल्या रांगेत कशी आली?

इथं माझा घरचा हिशेब येतो. १९८८ चा उन्हाळा. मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होतो. अब्बांचं विहिरीलगत वांग्याचं पाऊण एकर होतं. अळीनं पोखरलेले शेंडे अब्बा सकाळी उठून खुडायचे, घरी आणून जाळायचे. पानांवर चुलीतली राख उडवायचे. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे. त्या दिवसांत कपाशीवर नवी औषधं आली होती. पायरेथ्रॉइड म्हणत त्यांना. थेंबभर पुरतं, अळी जागेवर पडते, अशी त्यांची ख्याती. सुट्टीला येताना मी एक बाटली घेऊन आलो. कॉलेजात जाणारा मुलगा सांगतोय म्हटल्यावर अब्बांनी पंप पाठीवर घेतला.

पहिल्या दोन फवारण्यांत अळी खरोखर गेली. मी गावभर सांगत सुटलो. तिसऱ्या फवारणीनंतर पानं पांढुरकी पडायला लागली, मग तपकिरी. मग झाडाझाडांवर जाळं. दुकानदार म्हणाला, मात्रा वाढवा. वाढवली. मे सरायच्या आत वांगी उभीच्या उभी वाळली. त्या वर्षीची माझी फी अब्बांनी दोन शेळ्या विकून भरली. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, ‘पानी कम पड़ा होगा.’ पाणी कमी पडलेलं नव्हतं. विहिरीला जूनपर्यंत पाणी होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

काय झालं होतं, ते मला पुढे पुस्तकांतून कळलं. स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलरनं १९३९ मध्ये डीडीटीचा कीटक मारण्याचा गुण शोधला. १९४८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. युद्धाच्या काळात या पावडरीनं उवा आणि डास मारून असंख्य माणसं वाचवली, हेही खरं. युद्ध संपल्यावर ती शेतात आणि फळबागांत आली. आणि जिथं जिथं ती फवारली गेली, तिथं तिथं एक-दोन हंगामांत कोळ्यांचा उद्रेक झाला. कारण साधं. डीडीटीनं कोळी मरत नव्हता. त्याला खाणारे मरत होते. बारीक काळे ढालकिडे, छोटे ढेकूण, आणि कोळ्याच्याच जातीतले कोळी खाणारे कोळी. राखणदार मेले आणि चोर राहिला. शिवाय काही औषधांच्या संपर्कानं कोळ्याच्या माद्या जास्त अंडी घालतात, असंही अभ्यासकांना दिसलं.

रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकाचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्यात पक्ष्यांबद्दल लिहिलंय, हेही ठाऊक असतं. पण त्यात लाल कोळ्याचीही कथा आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यानं ८ लाख ८५ हजार एकर जंगलावर डीडीटी फवारलं. हेतू होता झाडांच्या कळ्या खाणारी एक अळी मारायचा. पुढच्या उन्हाळ्यात विमानातून पाहणाऱ्यांना मैलोगणती जंगल करपल्यासारखं तपकिरी दिसलं. तो लाल कोळी होता. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात शिशाचं आर्सेनेट फवारल्यावर हेच घडलं होतं, असं बाई नोंदवतात. ते पान वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. लाखो एकरांवर सरकारनं केलं, तेच मी पाऊण एकरात केलं होतं. आणि सरकारलाही सांगायला कुणी होतंच की, मात्रा वाढवा.

पुढची गंमत तर कादंबरीत शोभावी अशी. डीडीटीनं वाढवलेला कोळी मारायला १९५० च्या दशकात एक औषध निघालं, डायकोफॉल. ते तयार करतात कशापासून? डीडीटीपासून. आपल्याकडे मलेरिया निर्मूलनासाठी डीडीटी बनवायला १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीलाही तिचा कारखाना होता. पुढे डायकोफॉलही तिनंच बनवलं. शेतीतला डीडीटीचा वापर भारतात १९८९ मध्ये बंद झाला. डायकोफॉल मात्र चहापासून मिरची-वांग्यापर्यंत चालू राहिलं. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार ते जगभर बंद करायच्या यादीत गेलं आणि २०२३ मध्ये आपल्याकडेही त्यावर बंदी आली.

दरम्यान कोळी शिकत होता. वर्षाला वीस-वीस पिढ्या झाल्या की शिकायला वेळ लागत नाही. युरोप-अमेरिकेच्या काचघरांत तर नवं औषध आलं की दोन-चार वर्षांत निकामी होई. २०११ मध्ये या कोळ्याचा संपूर्ण जनुकसंच ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की विष पचवण्याची जनुकं त्याच्याकडे भरपूर आहेत आणि काही तर त्यानं जिवाणू-बुरशीकडून उसनी घेतलेली आहेत. अकराशेंहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगणारा हा प्राणी. प्रत्येक झाडाचं वेगळं विष पचवत इथवर आलेला. आपली बाटली त्याला काय नवी?

मग यातून वाट काढली कुणी? एका काकडी पिकवणाऱ्यानं. १९५० च्या दशकाच्या अखेरीला चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर डॉसे नावाच्या संशोधकाला एक नारिंगी, चकचकीत, लाल कोळ्याहून चपळ असा कोळी सापडला. तो पानं खात नव्हता, लाल कोळी खात होता. दिवसाला पाच मोठे किंवा वीसेक अंडी-पिल्लं. त्याचं नाव फायटोसिउलस पर्सिमिलिस. हॉलंड आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांत त्याचा अभ्यास झाला. हॉलंडमध्ये बर्केल एन रोडेनरेस इथं यान कॉपर्ट नावाचे काकडीचे शेतकरी होते. फवारण्यांची त्यांना ॲलर्जी झाली होती. काचघरात जाणं कठीण झालेलं. त्यांनी हा कोळी आपल्या काकडीवर सोडला, वाढवला आणि १९६७ पासून शेजाऱ्यांना विकायला सुरुवात केली. आज त्यांच्या नावाची कंपनी जगभर मित्रकीटक पुरवते. मला यात विशेष वाटतं ते हे, की हा माणूस तत्त्वज्ञ नव्हता. त्याला फक्त श्वास घ्यायचा होता.

औषधांतही सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इटो शहराजवळच्या गोल्फ मैदानालगतची माती उचलली. तिच्यातल्या सूक्ष्मजीवापासून निघालेल्या द्रव्यांनी आफ्रिकेतल्या लाखोंना नदीकाठच्या आंधळेपणातून वाचवलं. त्याबद्दल ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. त्याच कुळातलं अबामेक्टिन कोळ्यावर चालतं. पण तेही वारंवार मारलं की कोळी त्यालाही सरावतो. तळेगाव दाभाडे, मावळ भागात व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब परदेशी पाठवणाऱ्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता पुतण्याकडे येतो. मी विचारलं, काय काय फवारलंस? फुलकिड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड, दुकानदाराच्या सांगण्यावरून, महिनाभरात तीनदा. हे औषध मराठवाड्यातल्या प्रत्येक कापूसवाल्याच्या घरी असतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात झाडं पोखरणारा एक भुंगेरा रोखायला एल्मच्या झाडांना हेच औषध दिलं होतं. त्या झाडांवर नंतर कोळ्यांचा सुळसुळाट झाला, आणि का झाला याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. सेंट्रल पार्क आणि सिरसाळा! पुतण्याच्या हातात तोवर दुसरी बाटली होती. लेबल पाहिलं. पायरेथ्रॉइड. पस्तीस वर्षांनी तीच बाटली माझ्यासमोर. मी ती त्याच्या हातून घेतली. माझा हात थरथरत होता, असं त्यानं नंतर घरी सांगितलं म्हणे.

कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींशी बोलून आम्ही जे केलं, ते थोडक्यात सांगतो. जाळं धरलेली पानं तोडून जागच्या जागी पिशवीत भरली. झाडांवरून ओढत नेली तर कोळी वाटेत पसरतात. सकाळी पाण्याचा जोराचा फवारा, तोही पानाच्या खालच्या बाजूनं. ओळींमधली जमीन ओली ठेवली, कारण कोळ्याला कोरडी हवा मानवते. जास्त लागण झालेल्या दोन गादीवाफ्यांवरच अबामेक्टिन, एकदा. मग पाच टक्के निंबोळी अर्क, पाच-पाच दिवसांनी. अंड्यांवर बहुतेक उपाय चालत नाहीत म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते, हे विसरायचं नाही. पाण्यात मिसळणारं गंधकही चालतं, दहा लिटरला वीस ग्रॅम, पण पारा पस्तिशीकडे असताना मारलं तर पानं करपतात आणि तेलाच्या फवारणीलगत तर मुळीच नको. हॉलंडचा तो पर्सिमिलिस बीडच्या उन्हाळ्यात टिकायचा नाही. त्याला गारवा आणि ओलावा लागतो. आपल्या मुलखातला निओसिउलस लाँजिस्पिनोसस हा भक्षक कोळी उष्ण हवेत तग धरतो. तो आणि काळा ढालकिडा बोलावल्याशिवायही येतात, फक्त विषारी फवारणी थांबवावी लागते.

भाषण प्रसारित झाल्यावर काही भगिनींनी कुंडीतल्या झाडांबद्दल विचारलं. पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत ठेवलेल्या झाडावर पांढरे ठिपके दिसू लागले तर कागदाची परीक्षा करा. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या पाठी धुऊन काढा. रुंद पानं ओल्या फडक्यानं पुसा. साध्या साबणाचं पातळ पाणी चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीनदा पुरतं. नर्सरीतून आणलेलं नवं रोप दोन आठवडे वेगळं ठेवा. घरातल्या एका झाडासाठी शेतातली बाटली उघडू नका. लेकरं त्याच खोलीत झोपतात.

पुतण्याची निम्मी झाडं वाचली. महाशिवरात्रीला फुलं गेली ती नेहमीच्या चौथाईसुद्धा नव्हती. कर्जाचे दोन हप्ते थकले आणि बँकेची नोटीस माझ्याही पत्त्यावर आली. हप्ते अजून फेडतो आहोत.

चैत्रात एकदा पॉलिहाऊसात गेलो होतो. पुतण्यानं एक पान माझ्यापुढं धरलं. पानामागं मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा काळा चकचकीत किडा कोळ्यांच्या वस्तीत फिरत होता. अब्बांच्या वांग्यावर मी हा लहानपणी पाहिला होता, नखानं चिरडलाही होता. ‘चाचा, दवा मारू क्या?’ पुतण्यानं विचारलं. मी म्हटलं, ‘नको. पानी मार.’